पिणे आणि घेणे

मराठी भाषा दारूच्या बाबतीत मोठी भिडस्त आहे. पाणी आपण पितो, चहा घेतो. दारू मात्र शेजारी पितो आणि आपला मेहुणा ‘कधीमधी घेतो’. एकाच पेल्यातील एकाच द्रव्याला दोन क्रियापदे लावून आपण सभ्य आणि असभ्य यांची वाटणी करून टाकली आहे. ‘पिणारा’ म्हटले की गटाराकाठी लोळणारा इसम डोळ्यांपुढे येतो. ‘घेणारा’ म्हटले की टेबलाशी बसून राजकारणावर बोलणारा गृहस्थ. व्याकरणाच्या तासाला हा भेद सांगितला की मुले हसतात. पण याच भेदापाशी आमच्या बीड जिल्ह्यातला एक फार मोठा प्रश्न अडून बसला आहे, हे त्यांतल्या पुष्कळांना घरूनच ठाऊक असते, आणि मग हसणारी काही तोंडे मध्येच मिटतात.

आरोग्याची पाहणी करायला कुणीतरी वस्तीवर येते. हातात छापील कागद असतो. ‘आपण मद्यपान करता काय?’ असा त्यावर प्रश्न असतो. अंगणात बसलेला कारभारी ताडकन सांगतो, ‘नाही बुवा.’ तो खोटे बोलत नाही. मद्य त्याने जन्मात पाहिलेले नसते. तो ‘नव्वद मारतो’, ‘क्वार्टर लावतो’, किंवा ‘अंग दुखतं म्हणून जराशी घेतो’. त्याच कारभाऱ्याच्या शेजारी बसून, ‘दिवसभर मोळ्या वाहिल्यावर रात्री झोप कशी लागते हो मामा?’ असे विचारून पाहावे. सगळी हकीकत बाहेर येते; किती, कुठली, कुणाबरोबर आणि उधारीवर की रोख, इतकी तपशीलवार येते की ऐकणाऱ्यालाच मान खाली घालावी लागते.

शहरातील वाचकांनी हा अंक हातात घेतला असेल तेव्हा त्यांच्या घरी चकलीचा सोऱ्या धुऊन ठेवला गेला असेल. आमच्याकडे दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, धारूर, वडवणी, केज, परळी या तालुक्यांतून काही लाख माणसे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी साताऱ्याकडे, सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, कोंबड्या, शेळी, धाकटी पोरे आणि कधी कधी एखादी म्हातारी. परत यायचे ते मार्च-एप्रिलात, उन्हे तापू लागल्यावर.

या कामाचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावरून वाहते. कधी दोघेही तोडतात. हंगामाआधीच मुकादम कोयत्यामागे उचल देतो, आणि ती अलीकडे लाखाच्या आसपास, कधी त्याहूनही वर जाते. मग सहा महिने ती उचल अंगावरून फेडायची. दिवस चुकला तर ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. हंगामाअखेर फिटले नाही तर ‘बाकी’ राहते आणि ती पुढल्या वर्षीच्या डोक्यावर बसते. राहायला उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पहाटे अंधारात फडावर जायचे. रात्री अपरात्री वाहन आले की उठून ते भरून द्यायचे.

अशा दिवसाच्या शेवटी माणूस दारूकडे वळतो याचे आश्चर्य ते काय वाटायचे? अंगदुखी आहे, थंडी आहे, परका मुलूख आहे, आणि कोपीच्या आसपास दुकानही आहे. उचल ठरली की बैठक होते. वाहन लवकर भरले की बक्षीस म्हणून बाटली येते. हिशेबाच्या दिवशी तर विचारूच नये. दारू ही तिथे चैन नसून मजुरीचाच एक भाग होऊन बसते. सगळेच पितात असे मात्र कुणी समजू नये. न पिणाऱ्या, माळकरी माणसांच्या टोळ्याच्या टोळ्या याच जिल्ह्यातून जातात, आणि त्यांच्याबद्दल पुढे सांगायचेच आहे.

आमच्या सुशिक्षित समाजाने दारूड्याकडे पाहायला शिकले ते गडकऱ्यांकडून. 1919 साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून दारूड्या म्हटला की सुधाकर, सोसणारी पत्नी म्हटली की सिंधू, आणि संगत म्हटली की तळीराम, अशी त्रिमूर्ती आपल्या मनात कायमची बसली. नाटक थोर आहे, मी ते वर्षानुवर्षे शिकवतो. पण सुधाकर वकील आहे. त्याच्या पिण्यात बुद्धीचा अभिमान दुखावल्याची गोष्ट आहे. सिंधू दळण दळते ते घर बुडाल्यावर. बीडच्या फडावरची सिंधू पहिल्या दिवसापासूनच अर्धा कोयता असते. उचल दोघांच्या नावावर, दंड दोघांवर. नवरा पिऊन कोपीत पडला तर खाडा तिचाही. ती सकाळी एकटी फडावर जाते, दोघांचे काम ओढू पाहते, आणि संध्याकाळी मारही खाते. तिला ‘पतिव्रता’ म्हणून टाळ्या देण्यात अर्थ नाही. तिच्याशी बोलायचे तर उचलीवर, खाड्यावर आणि बाकीवर बोलावे लागेल.

आता दारू सोडवायची कशी? आपल्या घरांतून याला दोन उत्तरे असतात. एक म्हणजे उपदेश. दुसरे म्हणजे कुठून तरी आणलेली पावडर, जी चहात नकळत कालवायची. दुसऱ्या उत्तराबद्दल इथेच स्पष्ट लिहितो. दारूचा तिटकारा आणणारी डायसल्फिरामची गोळी 1948 साली डेन्मार्कमध्ये पुढे आली आणि डॉक्टर ती आजही देतात; पण ती घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने. ती पोटात असताना दारू गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जीवही जातो. जाहिरातीतल्या ‘नकळत द्या’ पुडीत काय असते हे तर देणाऱ्या माउलीलाही माहीत नसते. तशीच दुसरी गोष्ट: वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागतात, झटके येतात, नसलेली माणसे दिसू लागतात. त्याला ‘देवाचे’ किंवा ‘बाहेरचे’ समजून बसू नये. सरळ दवाखान्यात न्यावे.

राहिला उपदेश. उपदेशाने दारू सुटली असती तर महाराष्ट्र केव्हाच कोरडा झाला असता. तरीही याच भूमीत हजारोंनी दारू सोडली आहे, आणि ती कुणामुळे सोडली हे पाहण्यासारखे आहे. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. पुढे बाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण न देता गोडाचे दिले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. 1956 साली देह ठेवीपर्यंत त्यांनी कीर्तने केली. पण त्या कीर्तनांचा घाट पाहा. बाबा सांगत नसत, विचारत. लोकांच्याच बोलीत प्रश्न टाकायचा आणि हजारोंच्या तोंडून उत्तर घ्यायचे. माणूस स्वतःच्याच तोंडाने ‘नाही’ किंवा ‘चुकले’ म्हणाला की ते शब्द त्याचे होतात; मग ते परत घेणे अवघड जाते.

गोदावरीकाठी पैठणला एकनाथांनी तेच केले होते. वेदान्त सांगायचा तर तो जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडून सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो आपल्या ओसरीवरचा वाटतो. आमच्या जिल्ह्यात या परंपरेचे अगदी जवळचे नाव म्हणजे भगवानबाबा. पाटोदा तालुक्यातील सुपे सावरगावचे. 1965 पर्यंत ते होते, म्हणजे त्यांना पाहिलेली वृद्ध माणसे अजून भेटतात. नगर आणि बीड यांच्या सीमेवरचा भगवानगड त्यांच्या नावाने उभा आहे. गावोगाव नामसप्ताह, कीर्तन, गळ्यात तुळशीची माळ, आणि माळ घातली की दारू आणि मांसाहार बंद. ज्या डोंगरपट्ट्यातून आज कोयते निघतात तिथेच हा माळेचा संप्रदाय रुजला. बंजारा तांड्यांवर हेच काम सेवालाल महाराजांचे नाव करते; आणि तिथे घरची भाषा गोरबोली असल्यामुळे मराठी पत्रकसुद्धा परकेच ठरते, हे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनी विसरू नये.

शिरूरकडच्या एका गावी सप्ताहात एक आबा भेटले. वीस-बावीस हंगाम केलेले, आता गुडघे गेल्यामुळे घरी. गळ्यात माळ. ‘माळेने सुटली म्हणायची का?’ असे मी विचारले तर हसले. म्हणाले, ‘सर, माळ कुठं बोलती? बोलत्यात ते माळकरी. रोज सांजच्याला हरिपाठाला बोलवायला यायचे. आता बोलवायला येणाऱ्या माणसासमोर तोंडाचा वास घेऊन कसं जावं?’ मग जरा थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माळ घातल्यावर दुसऱ्याच वर्षी फडावर त्यांचा तोल गेला. एकदा घेतली. माळ काढून पेटीत ठेवली, कारण ती घालून पिणे पाप. आणि एकदा माळ पेटीत गेल्यावर मग अडवायला काहीच उरले नाही. सबंध हंगाम पिण्यात गेला. गावी परतल्यावर विणेकरी स्वतः घरी आले. का, कसे, किती, असे काही विचारले नाही. ‘उद्या पंगतीला वाढायला माणूस कमी आहे, या,’ एवढेच म्हणाले.

मला या हकिकतीतला विणेकऱ्यांचा भाग फार मोलाचा वाटतो. पण पेटीतली माळ अधिक विचार करायला लावते. व्रताची ताकद त्याच्या अभंग असण्यात असते आणि त्याचा कच्चेपणाही तिथेच असतो. व्रत मोडले की माणूस पतित होतो, आणि पतिताला गमावण्यासारखे काही राहत नाही. सुधाकरसुद्धा एकदा सोडून पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि मग तळाशीच जातो. प्रत्येक घसरलेल्याच्या दारी विणेकरी येतीलच असे नाही. त्यातून तो दारापाशी असतो कुठे? तो तीनशे किलोमीटर दूर कोपीत असतो.

इथे आजच्या शास्त्राचे काही घेण्यासारखे आहे. 1983 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी व्यसनी माणसाशी बोलण्याची एक रीत मांडली. तिचे सार असे की वाद घालू नये, दूषण देऊ नये. असे प्रश्न विचारावेत की सोडण्याची कारणे त्या माणसाच्याच तोंडून बाहेर पडतील. गाडगेबाबांच्या कीर्तनाला बसलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की मिलर यांच्या रीतीत घसरणे हे पाप नाही. घसरलास? बरे, कुठल्या दिवशी, कुणाबरोबर, त्याआधी काय झाले होते? पुढल्या वेळी तिथून कसे निसटायचे? असे ते बोलणे चालते.

पुढे अमेरिकेतच दक्षिणेकडून आलेल्या स्पॅनिशभाषक स्थलांतरितांसाठी या रीतीला नवा घाट देण्यात आला. भाषांतर करून काम भागत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले. घरापासून दूर असल्याचे दुःख, परक्या मुलखात मिळणारी वागणूक, मागे राहिलेल्या आईबापांची जबाबदारी यांच्याबद्दल आधी बोलायचे आणि मग दारूकडे यायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. आमच्या उसाच्या फडाला हे किती लागू पडते हे वेगळे सांगायला नको.

पण इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूने प्रकृती बिघडू लागलेल्या 377 पुरुषांवर केलेला प्रयोग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2017 साली आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. त्याच परिसरातली, तिथल्या भाषा बोलणारी साधी माणसे शिकवून तयार केली होती. बैठका जास्तीत जास्त चार, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी ज्यांना नुसती नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली त्यांच्यापैकी 26 टक्के माणसे धोक्याच्या पिण्यातून बाहेर आली होती; ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्यापैकी 36 टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण 18 आणि 42 असे होते. चमत्कार नव्हे. शंभरातली चौसष्ट माणसे तशीच राहिली. पण चार वेळा शेजारी बसून बोलण्याने एवढे होते, आणि हे बोलणे गावातलेच कुणी करू शकते, ही गोष्ट मला मोठ्या इस्पितळाच्या कोनशिलेपेक्षा आशादायक वाटते.

मोठ्या संस्थांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथे रुग्णाच्या बरोबरीने त्याच्या पत्नीचाही विचार झाला, हे त्या काळी फार नवे होते. पण निवासी उपचारांना सलग काही आठवडे लागतात. आमच्या कोयत्याला हंगामात एक दिवस चुकला तरी खाडा पडतो. हंगाम संपल्यावर मात्र तो एप्रिलपासून दसऱ्यापर्यंत गावात असतो, पुष्कळदा रिकामा. उपचाराची वेळ तीच. आणि धोक्याची वेळही त्यातच दडलेली असते, कारण याच महिन्यांत मुकादम उचलीची बोलणी करतो आणि एकरकमी पैसा हातात पडतो. समुपदेशन करणाऱ्याजवळ सरकारी कॅलेंडर असून भागणार नाही. त्याला पोळा कधी, सप्ताह कधी, गावची जत्रा कधी आणि उचल कधी वाटली जाते हे ठाऊक हवे. बोलणे उचलीआधी व्हावे. दुसरी भेट निघण्याच्या आठवड्यात. आणि तिसरी-चौथी फडावर, कोपीपाशी, रात्रीचे वाहन येण्याआधीच्या तासाभरात.

ती कुणी घ्यावी? माझे मत विचाराल तर टोळीतल्याच एखाद्या न पिणाऱ्या, पोक्त माणसाने. प्रत्येक दोन-चार टोळ्यांत असा एक माळकरी असतोच. त्याला बोलण्याची रीत शिकवावी, आणि घसरलेल्याला पतित न म्हणण्याची विशेष करून शिकवावी, कारण ती त्याच्या संस्कारात बसलेली नसते. ‘किती पेग?’ असे न विचारता ‘दिवसाला किती नव्वद? त्याचे किती झाले? उचलीतले किती?’ असा हिशेब त्याच्या बरोबर बसून मांडावा. आकडा आरोग्याचा न मांडता बाकीचा मांडावा. यकृत कुणी पाहिलेले नसते, बाकी मात्र रोज स्वप्नात येते. बायकांशी बायकांनीच बोलावे, आणि ते नवरे जवळ नसताना, पाण्याच्या वाटेवर किंवा धुणे धुताना. मारहाण होत असेल तर आधी तिच्या बचावाचे पाहावे. नवऱ्याच्या पश्चात्तापाची वाट पाहू नये.

मुकादमाला वगळून तर काहीच व्हायचे नाही. तो या कथेतला खलनायक आहे असे शहरात बसून म्हणणे सोपे असते. पुष्कळदा तोही कारखान्याच्या उचलीखाली दबलेला असतो, आणि पिऊन पडलेला कोयता त्यालाही नको असतो. बक्षिसाच्या बाटलीऐवजी बक्षिसाचे पैसे बाईच्या हातात दिले, एवढा एक रिवाज जरी एखाद्या मुकादमाने पाडला, तरी दहा व्याख्यानांचे काम होईल.

‘मग सरळ दारूबंदीच का नको?’ असे वाचक विचारतील. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून 1993 पासून ती आहे, आणि बंदीच्या जोडीला 2016 पासून ‘मुक्तिपथ’चे उपचाराचे कामही आहे. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. महाराष्ट्रात गावातल्या बायकांना मतदान करून दुकान बंद पाडता येते; ‘आडवी बाटली’ म्हणून ते मतदान प्रसिद्धच आहे. पण आमच्या ऊसतोड बाईची गंमत पाहा. तिचे मत बीडकडच्या गावात, आणि तिचा नवरा ज्या दुकानात जातो ते दुकान कारखान्याच्या गावात. सहा महिने ती जिथे राहते तिथल्या बाटलीला आडवे करण्याचा अधिकार तिला नाही. ज्या सधन गावांच्या शिवारात या कोप्या पडतात त्या गावच्या भगिनींनी, आपल्या मतपत्रिकेवर हे दुसऱ्यांचेही घर आहे असे समजून, एकदा विचार करून पाहावा. हे सदर तिकडेही वाचले जाते.

तोवर एक लहानशी सोय आहे, ती लिहून ठेवतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनीसेवा सुरू केली; क्रमांक 14416, आणि मराठीतही बोलता येते. कोपीत आता वीज नसली तरी फोन असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा क्रमांक आईच्या फोनमध्ये ‘मावशी’ या नावाने साठवून दिला आहे, म्हणजे बापाने पाहिला तरी शंका यायला नको.